फुकटचे अँपिअर

पडदा वर जातो.

समोर एक उंच, पांढरं दालन. डावीकडच्या लांबट खिडक्यांतून फियोर्डच्या खाडीचं करडं पाणी दिसतं. उजवीकडच्या खिडक्यांतून डोंगर आणि त्याच्या अंगावरून उतरणारे दोन जाड लोखंडी नळ. फरशी इतकी लख्ख की नवखा माणूस दारातच स्वतःच्या बुटांकडे बघत थांबतो. मागच्या भिंतीला संगमरवरी फळा, त्यावर पितळी कडांचे गोल मीटर. रंगमंचाच्या मधोमध, रुसलेल्या दोन जावांसारख्या एकमेकींकडे पाठ करून, वीज तयार करणाऱ्या दोन मशीन घुमताहेत. आणि दोघींच्या बरोबर मधून, दारापासून थेट मागच्या भिंतीपर्यंत, ऑइल पेंटनं ओढलेली एक पांढरी रेघ.

रेघेच्या डावीकडे एम्ब्रिक त्वाइत, वय साठ, हातात सुती चिंधी. उजवीकडे आनफिन लोते, वय एकसष्ट, हातात तशीच चिंधी. दोघंही आपापल्या बाजूचं पितळ पुसताहेत. साल एकोणीसशे चौपन्न, मार्चचा पहिला सोमवार, सकाळचे नऊ.

"काय रे, अंघोळ केलीस वाटतं?" रेघेपलीकडून आनफिननं विचारलं.

"समिती येणार आहे. तूही करायची होतीस."

"माझ्या वतीनं माझी मशीन बोलते. तिला साबण लागत नाही."

"गेल्या वर्षी बोलली होती ना. आम्हाला वाटलं खोकतेय."

"गेल्या वर्षी तू फसवलंस."

"फसवायला काय, मी काय रात्री येऊन तुझं चाक चाटलं?"

असा संवाद गेली तेहतीस वर्षं रोज चालू होता. पाठांतर दोघांचंही पक्कं. पण आज एम्ब्रिकचा आवाज नेहमीसारखा लागत नव्हता. कारण आज त्याला हरायचं होतं, आणि हरायचं कसं हे त्याला कुणी कधी शिकवलं नव्हतं.

हाउगवीक नावाची गावं दोन. एक आतलं, एक बाहेरचं. मधे चार किलोमीटर रस्ता आणि तीनशे वर्षांचं भांडण, जे कशावरून सुरू झालं ते दोन्हीकडच्या पाद्र्यांनाही ठाऊक नव्हतं. एकोणीसशे एकवीस साली वीज आणायची ठरली तेव्हा अडचण अशी झाली की दोन्ही गावांत मिळून धबधबा एकच. मग करार झाला. धबधबा समाईक, घर समाईक, पण मशीन दोन. एक आतल्या गावानं विकत घ्यायची, एक बाहेरच्या. दोघींवर आपापल्या गावचा माणूस : आतल्या गावचा एम्ब्रिक, बाहेरच्या गावचा आनफिन. पाण्याच्या बाबतीत कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता, म्हणून दोन्ही नळांच्या झडपा एकाच लोखंडी दांड्याला जोडल्या. उघडल्या तर दोन्ही सारख्या उघडणार, मिटल्या तर दोन्ही सारख्या मिटणार. त्या सांध्यावर दोन्ही गावांनी शिशाची मोहोर मारली आणि मग सगळे निर्धास्त होऊन घरी गेले.

भिंतीवरचं घड्याळही समाईक होतं. ते बरोबर रेघेवर टांगलेलं. एका आठवड्यात किल्ली एम्ब्रिक द्यायचा, दुसऱ्या आठवड्यात आनफिन. युद्धाच्या काळात जर्मन अधिकारी दालनात आला होता तेव्हा दोघांनी त्याला एकमुखानं एकच गोष्ट सांगितली होती : रेघेवर उभे राहू नका.

कराराचं सातवं कलम सगळ्यांना तोंडपाठ. दर वर्षी मार्चच्या पहिल्या सोमवारी, घड्याळात अकराचे ठोके पडताना, सात जणांची समिती येऊन बघेल की कुठली मशीन जास्त ओढते. जी जास्त ओढेल त्या गावाचं नाव पितळी पाटीवर कोरलं जाईल, समितीचं अध्यक्षपद वर्षभर त्या गावाकडे, आणि सतरा मेच्या, म्हणजे राष्ट्रीय सणाच्या मिरवणुकीत झेंडा त्या गावाचा पुढे. बरोबरी झाली तर आधीच्या वर्षीचा विजेता कायम. आता कोण किती ओढतं हे खरोखर मोजणारं यंत्र महाग होतं, ते घेतलंच नाही. त्याऐवजी प्रत्येक मशीनला करंटचे अँपिअर मोजणारा एकेक मीटर. काटा ज्याचा पुढे, तो जिंकला.

आणि काटा पुढे न्यायला प्रत्येकाकडे एक चाक होतं. मशीनच्या पोटात एक चुंबक फिरतो. त्या चुंबकाला किती करंट पाजायचा ते ठरवणारं हे चाक. काळं, बशीएवढं, मधे पितळी बाण. उजवीकडे जास्त, डावीकडे कमी. एम्ब्रिकनं ते उजवीकडे फिरवलं की त्याचा काटा वर चढायचा आणि, काय नवल, आनफिनचा काटा खाली घसरायचा. आनफिननं फिरवलं की उलट. यापेक्षा सरळ पुरावा कुणाला हवा? एकानं ओढ घेतली की दुसऱ्याचा भार हलका होतो, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

एम्ब्रिक सत्तावीस वर्षांचा असताना या चाकापाशी उभा राहिला तो कायमचा. त्याच्या आयुष्यात दुसरं काही फारसं घडलं नाही, आणि घडायला हवं होतं असं त्याला कधी वाटलंही नाही. वडिलार्जित शेत होतं, बावीस मेंढ्या होत्या, आल्व्हिल नावाची बायको होती, जिचे हात सदैव पिठात असायचे. पण विचारलं तर तो म्हणायचा, "मी गाव ओढतो." ऑक्टोबरात दुपारी चारलाच अंधारून यायचं, घरोघरी दिवे लागायचे, तेव्हा तो घरी जाताना एकेका खिडकीकडे बघत चालायचा. ही माझी. ही माझी. ही चर्चची, ती अर्धी माझी. समिती येण्याआधीचा आठवडाभर आल्व्हिल त्याच्या उजव्या मनगटाला कापराचं मलम चोळायची आणि त्याला पाण्याची बादलीही उचलू द्यायची नाही.

समितीचा दिवस म्हणजे दोन्ही गावांना धाकच. अकरा वाजत आले की दोघंही चाकं उजवीकडे पिळायला लागायचे. एकानं पिळलं की दुसरा त्याहून जास्त. त्यानं काटे चढायचे, पण त्यांच्याबरोबर गावातलं व्होल्टेजही चढायचं. दिवे पांढरेफटक पेटायचे, वॅफलचे साचे लालभडक व्हायचे, चर्चमधला ऑर्गन वाजवण्याआधीच धापा टाकायचा. शहाण्या बायका सकाळीच दिवे काढून कापसात गुंडाळून ठेवायच्या. अडतीस साली एका दिवसात एकसष्ट दिवे फुटले. दुकानदार टाराल्ड मिक्लेबुस्ट, जो पुढे आतल्या गावातर्फे समितीचा अध्यक्ष झाला, तो त्या वर्षी म्हणाला होता की परंपरा जपली पाहिजे. दिवे तोच विकायचा.

अशा बत्तीस मार्चांनंतर पाटीवर आतलं गाव सतरा वेळा कोरलेलं होतं, बाहेरचं पंधरा वेळा. आणि मग जिल्ह्याहून पत्र आलं.

विजेच्या मोठ्या जाळ्याची तार पुढच्या हिवाळ्यात हाउगवीकला पोचणार होती. दोन मशीनची गरज संपली. एक ठेवावी, एक काढावी. कुठली ते समितीनं ठरवावं. समितीनं दहा मिनिटांत ठरवलं : सातवं कलम आहे की. या मार्चला जी जास्त ओढेल ती राहील, तिचा माणूसही राहील. दुसरी जाईल, तिच्या माणसासकट.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी आल्व्हिल स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आनफिन मासळीच्या कारखान्यात गेला होता."

"मासळी आणायला?"

"नोकरी मागायला."

एम्ब्रिक हसला. मग थांबला. "काय म्हणाले?"

"म्हणाले, एकसष्टाव्या वर्षी आम्ही मासासुद्धा घेत नाही."

आनफिन धाकटा मुलगा. बापाचं शेत रिवाजाप्रमाणे थोरल्या भावाकडे गेलेलं. बायको एकोणपन्नास साली वारली. तेव्हापासून तो वीजघराच्याच वरच्या दोन खोल्यांत राहायचा. पेन्शनला चार वर्षं बाकी होती. मशीन गेली की खोल्या जाणार, खोल्या गेल्या की उरणार भावाची होडी ठेवायची शेड.

"तू हरलास तर काय होईल?" आल्व्हिलनं विचारलं.

"मी? मी मेंढ्या बघीन."

"मग?"

"मग काय मग? तेहतीस वर्षं मी गाव ओढतोय! आणि शेवटच्या दिवशी, सगळ्यांसमोर..."

आल्व्हिलनं एक बटाटा पाण्यात टाकला. "मी काही म्हटलं का?"

त्या वर्षी तिनं मनगटाला मलम चोळलं नाही. त्यानंही मागितलं नाही.

तर असा तो सोमवार. साडेदहाला समिती आली. सात काळे कोट, सात टोप्या. चौघं रेघेच्या डावीकडे, तिघं उजवीकडे, आणि चिटणीस इतिवृत्ताची वही घेऊन एक पाय इकडे, एक पाय तिकडे. बाजूच्या खोलीत आल्व्हिल वॅफल भाजत होती. या खेपेला समितीबरोबर एक आठवी व्यक्तीही होती : जिल्ह्याहून आलेली इंजिनीअर, हेर्बोर्ग लांगसेट. पस्तिशीची, बोलायला कमी, हातात दोन लाकडी पेट्या.

"हे काय?" अध्यक्ष टाराल्डनं विचारलं.

"वॅटमीटर. कुठली मशीन खरोखर किती काम करते ते यावर कळतं."

"ते आम्हाला अकरा वाजता कळेलच," टाराल्ड म्हणाला. "पण लावा, लावा. आम्ही कुणाला नाही म्हणत नाही."

तिनं दोन्हीकडे एकेक मीटर जोडला, वाकून वाचला, परत वाचला. "दोन्हीकडे नव्वद किलोवॅट. अगदी सारखं."

"अजून सुरुवात कुठे झालीय, बाई," डावीकडचा एक म्हातारा मायेनं म्हणाला. "आत्ता नुसत्या उभ्या आहेत त्या. वॅफल घ्या."

पावणेअकरा. दोन्ही काटे चाळिसावर. आनफिननं थुंकी लावून तळवे चोळले आणि आपलं चाक उजवीकडे घेतलं.

एम्ब्रिकनं चाकावर हात ठेवला. तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच तो हात डावीकडे वळला. अगदी थोडा, कुणाला दिसणार नाही इतका. त्याचा काटा चाळिसावरून सदतिसावर आला. आनफिनचा सत्तेचाळिसावर. जमलं! हरणं इतकं सोपं असतं याचं त्याला जरा वाईटच वाटलं. आणखी थोडं डावीकडे. चौतीस. आणखी. एकतीस.

इथेच तो थांबला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण एम्ब्रिकला आठवलं एकतीस साल, जेव्हा बाहेरचं गाव दोनच अँपिअरनं हरलं होतं आणि फेरमोजणी तीन दिवस चालली होती. हरायचं तर असं की कुणी तोंड उघडता कामा नये. त्यानं चाक आणखी डावीकडे घेतलं.

काटा तेहतिसावर गेला.

त्यानं डोळे मिटले, उघडले. तेहतीस. बाण बघितला. बाण डावीकडेच होता, कमीकडेच होता. चाक घसरलं असेल म्हणून त्यानं पुन्हा कमी केलं. अडतीस. अजून कमी केलं. पंचेचाळीस.

"वा!" डावीकडचे चौघं एकदम म्हणाले.

आता कुणीही शहाणा माणूस चाक उलट फिरवून बघेल. पण उजवीकडे म्हणजे वाढवणं, ही गोष्ट एम्ब्रिकच्या मनगटात इतकी मुरलेली होती की उजवीकडे वळायच्या नुसत्या विचारानं त्याला घाम फुटला. तिकडे फिरवलं तर आपण जिंकूनच बसू! तो बिचारा जिवाच्या करारानं कमी करत राहिला आणि काटा जिवाच्या करारानं चढत राहिला. पन्नास. चोपन्न. मशीन खालच्या आवाजात गुरगुरायला लागली.

"ओढ, एम्ब्रिक, ओढ!" टाराल्ड ओरडला. टोपी त्याच्या हातात आली होती.

"मी नाही ओढत!" एम्ब्रिक ओरडला.

"विनय पुरे! ओढ!"

रेघेपलीकडे आनफिनचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला एवढंच दिसत होतं की आपण कितीही पिळलं तरी हा मागे पडत नाही. तो दोन्ही हातांनी चाकाला भिडला. त्याचा काटा साठावर गेला आणि तिथल्या पितळी खुंटीला टेकून थरथरत राहिला. मीटर साठाच्या पुढे जातच नव्हता. अकराला तीन मिनिटं कमी असताना एम्ब्रिकचा काटाही त्याच्या खुंटीला जाऊन टेकला. साठ आणि साठ.

"बरोबरी!" चिटणीस किंचाळला. "इतिहासात पहिल्यांदा!"

"म्हणजे आधीचा विजेता कायम," टाराल्ड म्हणाला आणि त्यानं टोपी परत डोक्यावर चढवली. "म्हणजे आम्ही."

आणि नवल असं की या सगळ्या धुमश्चक्रीत डोक्यावरचे दिवे नेहमीइतकेच मिणमिणत होते. व्होल्टचा काटा जागचा हलला नव्हता. गावात कुणाचा वॅफल जळला नव्हता. सगळ्या हाउगवीकमध्ये त्या घटकेला चालू होती दुग्धालयाच्या लोणीयंत्राची मोटर, चर्चची पाण्याची शेगडी आणि कुणाकुणाच्या किटल्या, म्हणजे सकाळी होतं तेवढंच.

हेर्बोर्ग लांगसेट वाकून आपले मीटर वाचत होती. "नव्वद आणि नव्वद," ती कुणाला तरी म्हणाली. मग ती एम्ब्रिकच्या जवळ आली, रेघेची पर्वा न करता, आणि हळू आवाजात बोलली, "त्वाइत, ते चाक आणखी डावीकडे नेऊ नका. तुमचा चुंबक फार अशक्त झालाय. मशीन सुटेल."

"सुटेल म्हणजे?"

"दुसरीच्या पावलाशी पाऊल जुळणार नाही. भार टाकून देईल."

"भार टाकून देईल," एम्ब्रिक म्हणाला. "सगळा?"

"सगळा."

घड्याळात अकराला एक मिनिट कमी होतं. एम्ब्रिकनं एकदा रेघेपलीकडे पाहिलं. आनफिन आता चाक फिरवत नव्हता, नुसता धरून उभा होता. कठड्याला टेकून उभं असलेलं म्हातारं माणूस दिसावं तसा.

एम्ब्रिकनं चाक डावीकडे शेवटपर्यंत फिरवलं.

मग जे झालं त्याचं वर्णन दोन्ही गावांत वेगवेगळं करतात, पण आवाजाबद्दल कुणाचं दुमत नाही. मशीन एकदा हुंदका द्यावा तशी थांबल्यासारखी झाली, मग गडगडली. मीटरचे काटे वेड्यासारखे डावीउजवीकडे झुलायला लागले, दिवे लाल, पांढरे, लाल, पांढरे झाले, आणि फळ्यावरचा मोठा स्विच बंदुकीसारखा आवाज करून उडाला. समितीतले पाच जण खाली बसले. दोघं आधीच बसले होते.

आणि मग नवाच आवाज सुरू झाला. बारीक, वर वर चढत जाणारा. भार आता एकट्या आनफिनच्या मशीनवर. तिला जास्त पाणी हवं म्हणून दांडा आपोआप सरकला आणि झडप उघडली. आणि करारानुसार दोन्ही झडपा सारख्याच उघडल्या! एम्ब्रिकच्या मशीनला काम काहीच नव्हतं आणि पाणी मात्र दुप्पट. ती उधळली.

"हातझडप!" आनफिन ओरडला. "अरे गाढवा, हातझडप बंद कर!"

एम्ब्रिक नळाकडे धावला. तिथलं मोठं लोखंडी चाक एकट्याच्यानं हलेना. तेव्हा आनफिन लोते रेघ ओलांडून आला. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा त्याचे बूट त्या बाजूला उमटले. दोघं चाकाला लोंबकळले.

"उजवीकडे!"

"हे उजवीकडेच आहे!"

"तुझं उजवं की माझं उजवं?"

"म्हाताऱ्या, आपण एकाच बाजूला उभे आहोत!"

चाक हललं. आवाज उतरत गेला, उतरत गेला, आणि एम्ब्रिकची मशीन एकवीस सालापासून कधीच नव्हती इतकी गप्प झाली. त्या शांततेत घड्याळानं अकराचे ठोके दिले.

चिटणीस उठला, टोपी झटकली, आणि कलमाप्रमाणे वाचन केलं. "आतली मशीन, शून्य. बाहेरची मशीन," तो जवळ गेला, "काटा खुंटीलाच टेकलेला, साठ."

"पण दोन्ही मशीन सारखंच काम करत होत्या," हेर्बोर्ग लांगसेट म्हणाली. "मी मोजलंय. कायमच करत असणार. झडपा एकाच दांड्यावर आहेत. पाणी निम्मंनिम्मं, म्हणजे कामही निम्मंनिम्मं. चाकानं फक्त चुंबक कमीजास्त होतो, ओढ नाही."

सात जणांनी तिच्याकडे पाहिलं.

"असं समजा," ती म्हणाली, "दोघं जण एक लांब ओंडका खांद्यावर घेऊन चालले आहेत. एकानं दुसऱ्याला ओंडक्यातून रेटायला सुरुवात केली. दुसऱ्यानं पाय रोवले. दोघांनाही घाम फुटेल, पण ओंडका एक पाऊलही जास्त पुढे जाणार नाही. तुमचे काटे तो घाम मोजत होते. एका मशीनमधून निघालेला जास्तीचा करंट गावाच्या तारेत जातच नव्हता, दुसऱ्या मशीनमध्ये जाऊन परत येत होता. म्हणून चाक जास्त फिरवलं तरी काटा चढतो, आणि फार कमी केलं तरी चढतो. फुकटचे अँपिअर."

"तेहतीस वर्षं?" एम्ब्रिकनं विचारलं.

ती जरा गडबडली. चांगली बाई होती. "व्होल्टेज त्या चाकानंच सांभाळलं जातं, त्वाइत. आणि दुग्धालयाच्या मोटरला चुंबकाचा वाटा लागतोच. चाक कामाचंच आहे. फक्त गाव त्यानं ओढलं जात नाही."

एम्ब्रिकनं आपल्या उजव्या मनगटाकडे बघितलं.

"मला शास्त्र कळत नाही," टाराल्ड म्हणाला. तो अजून जमिनीवरच होता आणि रडवेला झाला होता. "मला काटा कळतो. या घटकेला एक मशीन सगळं गाव ओढतेय आणि एक मशीन काहीच ओढत नाही. हे खरं की खोटं?"

हेर्बोर्गनं तिचे मीटर वाचले. एकशे ऐंशी आणि शून्य. "या घटकेला," ती म्हणाली, "अगदी खरं."

ठराव सात विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. तो करताना आतल्या चौघांच्या माना खाली होत्या. मग सगळ्यांनी वॅफल खाल्ले, कारण ते भाजून झाले होते.

पुढचे पाच दिवस आतल्या हाउगवीकमध्ये एम्ब्रिकला कुणी नमस्कार केला नाही. टाराल्डच्या दुकानात त्याला कॉफी मिळाली, पण कागदाच्या पुडीला दोरा न बांधता. चर्चच्या ऑर्गनवाल्यानं त्याच्या तोंडावर सांगितलं की आपल्या गावाची मशीन सगळ्या जगासमोर आडवी पडली, आणि ती पाडणारा माणूस आपल्याच बाकावर बसतो. एम्ब्रिकनं सगळं ऐकून घेतलं. बाकाची कड बदलून बसला. मेंढ्यांचं कुंपण दुरुस्त केलं. संध्याकाळच्या दिव्यांकडे मात्र त्यानं बघितलं नाही.

शनिवारी दुपारी आनफिन आला. चालत, चार किलोमीटर. आल्व्हिलनं त्याच्यापुढे कॉफी ठेवली, बटाट्याची मऊ पोळी ठेवली, तपकिरी चीज ठेवलं. त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली आणि कशालाच हात लावला नाही.

"इंजिनीअरबाई भेटली," तो म्हणाला. "बोटीवर चढताना म्हणाली, तिनं तुला बजावलं होतं. मशीन सुटेल म्हणून. आणि त्यानंतर तू चाक टोकापर्यंत नेलंस."

"मला कमी ऐकू येतं."

"तुला डोंगरापलीकडची मेंढी शिंकलेली ऐकू येते."

"बाईमाणसाचं कमी ऐकू येतं. आल्व्हिलला विचार."

"खरंय ते," आल्व्हिल चुलीकडे तोंड करून म्हणाली.

"थट्टा नको, एम्ब्रिक." आनफिनच्या आवाजात आज टोमणा नव्हता, आणि तो नसला की तो आवाज कुणा परक्याचा वाटत होता. "ती म्हणते कुणीच जास्त ओढत नव्हतं. ती शिकलेली आहे, पण इथली नाही. मी तुला विचारतोय. तू सोडलीस, की तुझ्याच्यानं ओढवलं नाही? सोडली असशील तर मी आत्ताच्या आत्ता जाऊन किल्ल्या टाराल्डच्या टेबलावर टाकतो आणि भावाच्या शेडमध्ये राहायला जातो. मला कुणाची दया नको. तुझी तर नकोच."

तो खरंच टाकेल, हे एम्ब्रिकला माहीत होतं. तेहतीस वर्षं रेघेपलीकडून माणूस बघितला की त्याचं सगळं पाठ होतं.

त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं मागे वळून पाहिलं नाही, पण हातातलं भांडं विसळायचं थांबवलं. बाहेर मेंढ्या ओरडत होत्या. एम्ब्रिकला ती पितळी पाटी आठवली, तिच्यावरची सतरा नावं आठवली, प्रत्येक वर्ष कुठल्या हवेत जिंकलं ते आठवलं, आणि लोक आता उरलेलं आयुष्यभर काय म्हणतील तेही त्याला ऐकू आलं, अगदी स्पष्ट, कमी ऐकू येत असूनसुद्धा. त्यानं सुरी उचलली, खाली ठेवली, घसा साफ केला.

"तुझी मशीन जास्त ओढते, आनफिन," तो म्हणाला. "माझ्याच्यानं नाही झालं. आता ते चीज इकडे सरकव, नाहीतर टोपीसारखं तेही मांडीवर घेऊन बसशील."